उस्तादाचे डोळे

शिरूरच्या आण्णांच्या ट्रकवर संपत किन्नर, म्हणजे क्लीनर, म्हणून लागला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. निमोणे गावची शेती भावांवर सोडून आलेला. गाडीचा ड्रायव्हर मीरासाहेब, पन्नाशी उलटलेला. दौंडच्या मालधक्क्यावर रेल्वेच्या वाघिणीतून सिमेंट उतरायचं, ते भरून शिरूरला आणायचं, हे त्यांचं रोजचं काम.

मीरासाहेब शिकवायचा फार निगुतीनं. गेर कानानं टाकायचा, म्हणायचा, इंजिन सांगतं कवा टाकायचा ते. संपतनं कधी गेर कुरकुरवला तर हात उगारायचा, पण मारला एकदाही नाही. मुक्काम शिरूरला असला की संपत त्याच्याच घरी जेवायचा. त्याच्या बायकोला, खातून मामीला, मूलबाळ नव्हतं. ईदेला तिनं नवरा आणि संपत, दोघांना कापडाच्या एकाच ठाणातले सदरे शिवले.

दोन वर्षांनी मीरासाहेबानंच त्याला पुण्याला नेऊन लायसन काढून दिलं. परतताना उसाचा रस पाजला आणि म्हणाला, "आता गाडीवर दोन ड्रायव्हर झाले. पण घाई न्हाई करायची."

घाई संपतला नव्हतीच. पण त्याला एक गोष्ट कळून चुकली होती. उस्तादाला, मीरासाहेबाला, लांबचं दिसत नव्हतं. समोरची बैलगाडी अगदी जवळ आल्यावर त्याचा पाय ब्रेकवर जायचा. मग संपत सहज बोलल्यासारखा बोलायला लागला. "मामा, पुढं मेंढरं हायेत." "मामा, मोरीला दगड टाकलेत." मीरासाहेब नुसता हुंकार द्यायचा. सहा महिने असे गेले. डोळ्यांचा विषय दोघांपैकी कुणीच काढला नाही.

वरवंडच्या रस्त्याला एका उतरत्या दुपारी ऊन थेट समोरून येत होतं. गवताचा भारा घेतलेली साखरबाई नावाची बाई कडेनं चालली होती. संपत ओरडला. मीरासाहेबानं चाक वळवलं, पण उशिरा. मडगार्ड लागून बाई चारीत पडली. दोघांनी तिला उचलून केबिनमध्ये घेतलं, गाडी संपतनं चालवली आणि दौंडच्या दवाखान्यात पोचवलं. बाई वाचली, पण पाय मांडीत मोडला होता. ऊन डोळ्यांवर आलं, असं मीरासाहेबानं जबाबात सांगितलं. संपतनं होकाराची मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी उस्ताद पुन्हा स्टेअरिंगवर बसायला निघाला. संपत म्हणाला, "आज मी घेऊ का?"

"का?"

संपतला खरं कारण सांगता आलं नाही. "तुम्ही दमला असाल म्हणून," एवढंच तो म्हणाला. मीरासाहेब वर चढला आणि दौंडपर्यंत त्यानंच गाडी नेली. संपत सारा रस्ता समोर डोळे लावून ओरडत राहिला. घसा बसला. परत आल्यावर तो घरी गेला नाही, सरळ आण्णांच्या पेढीवर गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला.

आण्णांनी सकाळी मीरासाहेबाकडून किल्ली मागून घेतली आणि त्याच्यासमोरच संपतच्या हातात दिली. मीरासाहेबानं केबिनमधली आपली वळकटी काढली, काखेत मारली आणि तो पायी निघून गेला. संपत हाका मारत पेठेच्या टोकापर्यंत मागं गेला. त्यानं वळून पाहिलं नाही.

आठ दिवस संपतचा पाय त्या घराकडे वळला नाही. नवव्या दिवशी गेला. खातून मामी उंबऱ्यातच उभी राहिली. घरात न्हाईत, म्हणाली. आतून मीरासाहेबाच्या खोकल्याचा आवाज आला. दोघांनी तो ऐकला.

"मामी, उद्या कुणी जिवानिशी गेलं असतं," संपत म्हणाला.

"ते मला ठावं हाय. त्यांनाबी ठावं हाय." तिनं पदर डोळ्यांना लावला. "ते म्हणत्यात, पोरानं मला सांगायचं व्हतं. माझ्या तोंडावर. मी किल्ली त्याच्या हातात दिली असती."

 सहा महिने एका केबिनमध्ये खांद्याला खांदा लावून बसून संपतनं मेंढरं सांगितली होती, दगड सांगितले होते, तेवढं एक सांगितलं नव्हतं. तो अंगणात उभा राहिला. मामीनं बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. मग तिनं हळूच दार लोटून घेतलं.

पुढं पंधरा वर्षं संपतनं गाडी चालवली. केबिनमध्ये शेजारी बसून कुणी शिकायला आलं की तो नको म्हणायचा.