गाडीतली ओल

तुळजापुरात स्वतःचं धड घर असलेला माणूस घरासमोर चाकांवरचं आणखी एक घर आणून उभं करतो, तेव्हा गल्लीला आयताच विषय मिळतो. राघवेंद्रराव निवृत्तीनंतर हैदराबादहून अठरा वर्षांची जुनी मोटारहोम घेऊन आले, तर आठ दिवस लोक चपला काढून आत जाऊन बघत होते. आत पलंग, ओटा, गॅस, इवलीशी मोरी, सगळं होतं. भाऊसाहेब, सिनेमात काम मिळालं का, असंही एकानं विचारलं. राघवेंद्ररावांनी पाटबंधारे खात्यात तीस वर्षं कारकुनी केली होती. नको त्या प्रश्नाला उत्तर न देणं त्यांना चांगलं जमायचं.

गाडी खरी नीलाताईंसाठी होती. त्या शाळेत भूगोल शिकवायच्या. तेरणा मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला आणि गोदावरी समुद्राला, हे त्यांनी जन्मभर निळ्या खडूनं फळ्यावर काढलं, पण स्वतः तेरच्या पुढं त्या नदीसोबत कधी गेल्या नव्हत्या. आता उगमापासून समुद्रापर्यंत कडेकडेनं जायचं, दिवस मावळेल तिथं मुक्काम करायचा, असा नवरा-बायकोचा बेत होता. दिवाळीत पहिला मुक्काम उगमाशी, तेरखेड्याला झाला आणि पहाटेच नीलाताईंना दम लागला. उजाडल्यावर बघतात तर पलंगाच्या उशाची भिंत ओली आणि प्लायवूडवर काळी बुरशी.

घरी आल्यावर त्यांनी आवाज न चढवता सांगितलं, की ओल गेल्याशिवाय मी गाडीत पाय ठेवणार नाही, तुम्हाला जायचं तर खुशाल जा. राघवेंद्ररावांना एकट्यानं नदी बघून काय करायचं होतं? त्यांना नदीचं वेड कधीच नव्हतं. नदी बघणाऱ्या बायकोकडं बघत बसायचं, एवढाच त्यांचा बेत होता.

मग ते हात धुऊन ओलीच्या मागं लागले. पहिला संशय स्वतःवरच. छताला पंख्यासाठी भोक त्यांनीच पाडलं होतं. त्याच्याभोवती त्यांनी सिलिकॉनचा असा थर दिला, की पंखा आता गाडी मोडली तरी निघणार नाही. खिडक्यांची रबरं बदलली. पाण्याची टाकी तर दिवाळीपासून कोरडीच होती. दर रविवारी ते ओलीच्या कडेनं पेन्सिलची रेघ मारायचे आणि शेजारी तारीख घालायचे. फेब्रुवारीपर्यंत ती भिंत नीलाताईंच्या नकाशासारखी दिसायला लागली.

आणि इथंच त्यांचं डोकं चालेना. दसऱ्यानंतर पावसाचा थेंब नव्हता. गल्लीतल्या वाळवणाच्या पापड्या दुपारपर्यंत कडकडीत वाळत होत्या. तरी प्रत्येक रेघ आधीच्या रेघेच्या बाहेर. एकच रेघ तेवढी आत आली होती, जानेवारीतली. त्या वेळी दोघं आठ दिवस पुण्याला मैथिलीकडं, लेकीकडं गेले होते. गाडीला मालकाचा कंटाळा आला होता की काय, देव जाणे.

शेवटी त्यांनी अणदूरहून वीरप्पाला बोलावलं. वीरप्पानं हयात ट्रकच्या बॉड्या बांधण्यात घालवली होती. त्यानं आधी चहा घेतला, मग गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, मग बोटाच्या पेरानं पत्रा ठोकत ठोकत तो कान लावून ऐकत राहिला. राघवेंद्ररावही मागोमाग कान लावत होते. त्यांना काही कळत नव्हतं, पण मजा येत होती. या चार महिन्यांत काळजी होतीच, पण खरं सांगायचं तर त्यांना या शोधाची चटकही लागली होती. तीस वर्षं त्यांनी कालव्यांच्या गळतीची पत्रं नुसती फायलीला लावली होती. प्रत्यक्ष गळती शोधायची पाळी आता आली होती.

वीरप्पानं बादलीभर पाण्यात कुंकू कालवलं आणि छतावर चढून एकेक जोड भिजवायला घेतला. राघवेंद्ररावांनी आत बसायचं आणि लाल पाणी कुठं उतरतं ते बघायचं. पुढचा जोड झाला, पंख्याची कड झाली, मागचा जोड झाला. दीड तासात गाडी बाहेरून मळवट भरल्यासारखी लाल झाली आणि आत एक लाल टिपूस नाही. भिंतीवर ओल होती तशी, स्वच्छ पाण्याची.

वीरप्पा खाली उतरून आत आला. पेन्सिलीच्या रेघा त्यानं एकेक करून वाचल्या. जानेवारीच्या रेघेवर बोट ठेवून, ही आत का, म्हणून विचारलं. राघवेंद्ररावांनी पुण्याचं सांगितलं.

"मंजी तुमी नसला की वाळतंय," वीरप्पा म्हणाला. "मंग पानी वरनं येत न्हाय, भाऊसाहेब. कुनीतरी आत आनतंय."

कोण आणणार, म्हणून राघवेंद्ररावांनी मान हलवली. टाकी कोरडी, मोरी बंद. एवढ्या उन्हात काम केलेल्या माणसाला पाणी तरी विचारावं म्हणून ते ओट्याकडं वळले. तिथल्या माठावरचं झाकण काढून त्यांनी पेला भरला आणि वीरप्पापुढं धरला.

वीरप्पानं पेला घेतला, पण तोंडाला लावला नाही. आधी पेल्याकडं बघितलं, मग माठाकडं.

नीलाताईंना फ्रिजचं पाणी सोसत नाही. बारा महिने माठाचंच लागतं. म्हणून राघवेंद्ररावांनी गाडी आणल्या आणल्याच ओट्याला गोल भोक पाडून त्यात माठ बसवला होता, खड्ड्यातसुद्धा हलू नये असा. माठाचं पोट ओट्याच्या खाली, आणि खालची बाजू फळीनं बंद. वीरप्पानं चार स्क्रू काढून फळी बाजूला केली. आत अंधारात माठ आपलं काम करत होता. पाझरत होता. थेंब खालच्या लाकडी पट्टीवर पडत होते, गाडी जराशी कलती उभी असल्यामुळं पट्टीवरून मागं जात होते आणि प्लायवूडच्या आडून थेट पलंगाच्या उशाला पोचत होते. पुण्याला जाताना तेवढा राघवेंद्ररावांनी माठ रिकामा केला होता.

"माठ पाझरतोच की," राघवेंद्रराव म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांच्या ध्यानात आलं. छत, खिडक्या, टाकी, सगळ्यांवर त्यांनी संशय घेतला होता. माठाचा विचारही डोक्यात आला नव्हता, कारण न पाझरणारा माठ आपण बाजारात परत करतो.

तोंड लपवायचा एक रस्ता वीरप्पानं आपण होऊन दिला. पत्र्याचे रिबिट गेलते म्हणून सांगू का बाईंना, असं त्यानं हळूच विचारलं. राघवेंद्रराव पलंगावर बसून राहिले. त्यांना लाज वाटत होती, पण ती फजितीची नव्हती. दिवाळीपासून रोज सकाळी ते माठ काठोकाठ भरत, आणि दुसऱ्या दिवशी तो दोन पेले कमी दिसे. त्याचा अर्थ त्यांनी कधीच लावून टाकला होता आणि कुणाला सांगितला नव्हता. आता तो अर्थ गेला, आणि त्यांना फार एकटं वाटलं.

त्यांनी नीलाताईंना हाक मारली. त्या नाकाला पदर लावून गाडीच्या दाराशी आल्या. राघवेंद्ररावांनी उघडी फळी दाखवली, थेंब कुठून कुठं जातो ते दाखवलं आणि चूक माझीच, असंही सांगून टाकलं. नीलाताई भूगोलाच्या बाई. उतार बघून त्यांना लगेच कळलं.

"पण मी तर दिवाळीपासून आत आलेच नाही," त्या म्हणाल्या. "मग तुम्ही माठ कुणासाठी भरत होता?"

"तुझ्यासाठीच."

"रोज?"

"रोज दोन पेले पाणी कमी व्हायचं," राघवेंद्रराव खाली बघत म्हणाले. "मला वाटायचं, मी मंडईत गेलो की तू येऊन बसत असशील. मला सांगायचं नसेल. म्हणून मी विचारलं नाही."

वीरप्पा बादली घेऊन उगीचच गाडीच्या मागं गेला.

नीलाताईंनी पदर नाकावर घट्ट धरला आणि त्या दोन पायऱ्या चढून आत आल्या. माठातून पेला भरून घेतला, पदर बाजूला केला आणि त्या कुबट वासात उभ्या राहून सगळं पाणी प्याल्या. लगेच खोकला आला. राघवेंद्रराव उठून त्यांना बाहेर न्यायला लागले, तर त्यांनी हातानं थांबा म्हटलं आणि दुसरा पेला भरला.