जोडमणी थरथरला

मणी थरथरला आणि मंगलीबाईच्या पाठीत पहिली काठी बसली.

वडशाजवळच्या त्या गावात समाजमंदिरापुढे सारं गाव लोटलं होतं. मधोमध चौरंग, त्यावर हिरवा मणी आणि मागे जटा वाढवलेला क्वांटमबाबा.

"हे जुळे मणी!" बाबा गरजत होता. "एक इथं, दुसरा चंद्रपूरच्या दवाखान्यात, आजारी लोकेशच्या छातीवर. माझा चेला बसलाय तिथं! सायन्स म्हणतं, जुळ्यांना अंतर नसतं. पोराला खाणाऱ्या चेटकिणीचा हात ह्याला लागला की तत्क्षणी तो मणी खबर देतो!"

तो एकेकीचं नाव पुकारी. ती बाई येऊन मण्यावर हात ठेवी. मणी गप्प. मग "मंगली!" अशी हाक झाली. एकट्या राहणाऱ्या त्या विधवेनं हात ठेवला आणि मणी टकटक नाचू लागला.

लोकेशचा बाप मुखरू धावला. "माह्या पोराले खाऊन राह्यली!" त्याच्या दुसऱ्या घावानं तिचा डावा हात मोडला. कोणी केस ओढले, कोणी लाथ घातली. ती ओरडायचीही थांबली.

गर्दी फोडून पुनम तिच्यावर आडवी पडली. पुनम याच गावची, वडशाच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारी. एक काठी तिच्याही खांद्यावर बसली.

"मुखरूभाऊ, थांबा! नाव न घेता हिचा हात ठेवून पाहा. कोणी बोलाचं नाई."

"देवाची परीक्षा?" बाबा कडाडला.

"सायन्सची. तुम्हीच म्हणता न!"

मुखरूनं मंगलीबाईचा रक्ताळलेला उजवा हात मण्यावर टेकवला. मणी ढिम्म. सारे बाबाकडे पाहू लागले.

"स्पर्श कच्चा पडला!" बाबा गडबडला. "मंगली, नीट ठेव हात!"

नाव ऐकू गेलं मात्र, मणी थरथरला.

पुनमनं चौरंग लाथेनं उलटा केला. तळच्या कप्प्यातून थरथरणारा मोबाईल बाहेर पडला. दुसरा बाबाच्या उपरण्यात निघाला, त्यावर कॉल चालूच होता. "महाराज," चंद्रपूरहून चेला विचारत होता, "आणखी रिंग मारू का?"

पाठीशी कोणी नसलेली बाई दोघांनी आधीच हेरली होती.

आता काठ्या बाबाकडे वळल्या. पुनम त्याच्यापुढेही आडवी उभी राहिली. "याले नाई मारायचं. पोलीस येऊन राह्यले."

"पण जुळ्यांचं ते खोटंच का?" मुखरूनं विचारलं.

"अणूहून लहान कणांच्या जोड्या असतात, भाऊ. एक मोजला की दुसऱ्याचं कळते. पण मोजल्यावर काय निंगल ते आपल्या हातात नाई, म्हणून त्यातून निरोप धाडता येत नाई. दोन्हीकडचं जुळवाले फोन लागते, नाई त माणूस. अन् उजेडाहून जल्दी कोणताच निरोप पोचत नाई. कोणी सायन्सचं नाव घेऊन चमत्कार दाखवला, त त्याले विचारा, खबर आली कोणत्या वाटेनं?"

लोकेशला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. रक्त दिल्यावर तो सावरला. बाबा आणि चेला कोठडीत गेले. मारणाऱ्यांवरही गुन्हा दाखल झाला.

जामिनावर सुटल्यावर मुखरू दवाखान्यात मंगलीबाईच्या पायाशी बसला. "चुकलो, बाई. मणी खोटा होता."

तिचा एक डोळा अजून उघडत नव्हता. दुसऱ्यानं ती त्याच्याकडे पाहत राहिली.

"अन् खरा असता, मुखरू? मंग मारलं असतं न मले?"