चित्राखालचा ठिपका

ठिपका आत्ता नव्हता — पडद्याच्या तळाशी चित्रांची जी रांग असते, तिच्यातल्या हिरव्या कॅमेऱ्याच्या चित्राखाली आत्ता काहीच नव्हतं, तरी लालासाहेबांनी चष्मा पुसून पुन्हा वाकून पाहिलं. त्या रांगेला त्यांची मुलगी क्रांती 'डॉक' म्हणायची. पुण्याच्या कंपनीचं काम घरून करायला तिनं हा मोठा संगणक सांगलीच्या फ्लॅटमध्ये आणला, तेव्हा वडिलांना नीट समजावलं होतं, "पप्पा, पिवळं बटण दाबलं की खिडकी नुसती खाली जाऊन बसते, बंद होत नाही. चित्राखाली ठिपका आहे तोवर आत सगळं चालू आहे असं समजा." आणि जन्मभर पोरांना शिकवलेल्या या मुख्याध्यापकानं मागच्या बाकावरच्या पोरासारखी मान डोलावली होती. ऐकलं सगळं, घेतलं काहीच नाही.

काल त्यांनी पिवळंच दाबलं.

व्हिडिओ कॉलवर बोलणं किती छान झालं होतं! सेलमहून वीरधवल, क्रांतीनं स्वतः पसंत केलेला मुलगा, आणि त्याचे वडील आकाराम. मूळचे विट्याकडचे, जुनं सोनं वितळवून शुद्ध करायच्या गलाईच्या धंद्यात तिकडे आयुष्य काढलेले. पुढच्या महिन्यात सुपारी ठरली. मग वीरधवल दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून उठला, क्रांती इथं तिच्या खोलीत गेली, राम राम झाला, खिडकी सुळकन खाली उतरली… आणि लालासाहेब खुर्चीत रेलून बायकोला म्हणाले, "मुलगा लाखात एक आहे गं, पण बापाचे हात पाहिलेस? तेजाबानं नखं पार करपलीत. व्याहीभेटीला ते बोट माझ्या कपाळावर गंध लावणार, तेही माझ्या सगळ्या स्टाफसमोर!" वर हसलेही. विजयमालाबाई "काहीतरीच तुमचं" म्हणत चहा टाकायला गेल्या.

चहा येईपर्यंत त्यांनी सहज खाली पाहिलं. डॉकच्या उजव्या टोकाला, बोटाच्या पेराएवढ्या चौकोनात, आकाराम अजून बसलेले होते. हालत होते. कारण — हे लालासाहेबांना झटकन कळलं, त्यांच्याच मुलखातला माणूस ना — मुलीकडच्यांच्या आधी आपण फोन ठेवायचा नाही, ही त्या माणसाची रीत. तो बिचारा यांनी ठेवायची वाट पाहत होता. आणि मग त्या चौकोनातल्या माणसानं मांडीवरचे हात उचलून डोळ्यांसमोर धरले, थोडा वेळ पाहिले, आणि पुन्हा खाली नेले.

की नाकच खाजवलं असेल? एवढ्याशा चित्रात काय दिसतं? लालासाहेबांनी सापडेल ते बटण दाबलं आणि चौकोन गेला. पण आजची अख्खी सकाळ त्यांनी त्या दोन हातांवर काढली. आंघोळीचं पाणी निवून गेलं. मंडईत भाजीवाल्यानं हाक मारली ती ऐकू आली नाही. आकारामांनी ऐकलं नसेलच. तिकडे भट्टीचा आवाज असतो… घरात कुठली भट्टी? रेंज गेली असेल. मग चित्र कसं हालत होतं? चोरी पकडली गेल्यावर एखाद्या पोरानं सांगावीत तशी ही कारणं, आणि असली कारणं ऐकून आपण किती पोरांना वर्गाबाहेर उभं केलं…

लाज या गोष्टीची होती आणि हिच्याखाली आणखी एक होती. शाळेत कुणी विचारलं की ते सांगत, वडील सोन्याच्या व्यवसायात होते. पुढे कुणी विचारत नसे. वडिलांची, दादांची, नखंही तशीच होती. वर्षाकाठी एकदा गावी येत आणि परत निघताना एस.टी.च्या पायरीवरून वाकून अंगारा लावत — तो खरखरीत अंगठा कपाळावरून ओढला गेला की बारीक ओरखडा उठल्यासारखं वाटायचं, आणि एस.टी. वळणाआड गेली तरी ते वाटणं जायचं नाही. फी, पुस्तकं, बी.एड., हा फ्लॅटसुद्धा त्याच अंगठ्यानं उभा केला. आणि आपण काल हसलो. कुणाला हसलो?

संध्याकाळी क्रांतीनं हिरव्या चित्रावर टिचकी मारली. चित्र डॉकमध्ये दोनदा उडालं, खाली ठिपका उमटला. तिचा चेहरा असा फुललेला, की लालासाहेबांना तिच्याकडे पाहवेना.

"राम राम पाव्हणं!" आकाराम कालच्याइतकेच मोकळे हसले. लालासाहेबांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी पाहिलं. काल बोलताना हा माणूस हातवारे करत होता. आज हात दिसतच नव्हते. वीरधवलनं पुढे केलेला चहाचा कपही त्यांनी "ठेव तितं" म्हणून तसाच ठेवायला लावला.

"आवं पाव्हणं, एक बोलायचं हुतं," निघता निघता ते म्हणाले, "व्याहीभेटीचं. गंध आमचं थोरलं बंधू लावत्याल तुमाला. मास्तर हुतं ते. मानाचं हाय. चालंल न्हवं?"

"अहो मामा, असं कसं? तुम्हीच हवात," क्रांती हसत म्हणाली.

"आगं पोरी, मी हायच की मागं हुबा."

नाही, तुम्हीच लावायचं — तीन शब्द. ते जिभेवर आलेसुद्धा. पण ते म्हणणं म्हणजे कालचं तुम्ही ऐकलंत हे मला माहीत आहे असं म्हणणं, या पोरीच्या देखत…

"चालेल की," लालासाहेब म्हणाले. "त्यात काय."

आकारामांनी मान हलवली. नेहमीप्रमाणे आधी फोन ठेवला नाही. क्रांतीनं सगळं व्यवस्थित बंद केलं, ठिपका गेला, ती गुणगुणत आत गेली. विजयमालाबाई दारातून नवऱ्याकडे पाहत होत्या. त्यांना काय कळलं, किती कळलं, कुणास ठाऊक.

लालासाहेब तसेच बसून राहिले. उजव्या हाताचा अंगठा केव्हा वर गेला ते त्यांना कळलं नाही. त्यांनी तो कपाळावरून ओढला — एकदा, मग जरा जोरात. मऊ होता. काही लागत नव्हतं. ते पुन्हा ओढू लागले.