सातवी गोळी

विचुंब्याच्या नव्या बिल्डिंगमध्ये वेणू सहाव्या मजल्यावर राहते, म्हणजे खरं तर आपल्याच भातशेताच्या डोक्यावर राहते. जमीन दिली, बदल्यात दोन फ्लॅट मिळाले. एकात भाडोत्री, दुसऱ्यात वेणू आणि तिचा टीव्ही. गावातल्या घरी सकाळी ओट्यावर बसलं की येणारा-जाणारा विचारायचा, "काय गो वेणू, च्या झाला?" इथं शेजारच्या दाराशी चपला दिसतात, माणसं काही दिसत नाहीत. लिफ्टमध्ये कुणी भेटलंच तर ते मोबाईलमध्ये तोंड खुपसून उभं. राहू दे उभं! आपल्याला कुठं पडलंय, असं वेणू म्हणायची. पडलेलं होतं, चांगलंच पडलेलं होतं.

नवरा जाऊन सात वर्षं झाली. मुलगा निकेश आधी न्हावाशेव्याला बंदरात होता, आता ओमानला एका बंदरात क्रेन चालवतो. लग्नाचं नाव काढलं की विषय बदलतो. रोज सकाळी साडेआठला, म्हणजे त्याच्याकडे सातला, त्याचा व्हिडिओ कॉल येतो. वेणूचा दिवस तिथं सुरू होतो आणि खोटं कशाला बोला, तिथंच संपतो.

पूर्वी हा फोन दोन मिनिटांचा असायचा. "बरी हायस ना? जेवतेस ना? चल, बस आली." संपलं. मग दोन वर्षांपूर्वी वेणूचा माहेरचा रोग वर आला. माहेर ओव्याचं. तिथं तिचा बाप काशिराम या रोगानं गेला, पाठोपाठ थोरला भाऊ कमळाकर गेला. दोन्ही किडन्यांत पाण्याच्या गाठी. लोक म्हणायचे, घरावर करणी केलीय. करणी कसली डोंबलाची! नवीन पनवेलच्या डॉक्टर मॅडमनी सरळ सांगितलं, "वेणूताई, हे वडिलांकडून आलंय. तुमच्या मुलालाही असण्याची शक्यता निम्मी आहे. त्याला एकदा सोनोग्राफी करायला सांगा."

वेणूनं शंभरदा सांगितलं. तो म्हणायचा, "करतो गो आये, सुट्टी मिळू दे." केली की नाही ते काही कळेना. पण त्याच सुमारास त्यानं एक नवीनच काढलं. "तुझ्या गोळ्या माझ्यासमोर घेयाच्या. मी बघनार. तुझा भरवसा नाय."

वेणू वरून रागावली, आतून हरखली. तेव्हापासून साडेआठ वाजले की फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायचा, पुढ्यात नाश्ता, आणि बशीत गोळ्या. रक्तदाबाच्या दोन, कॅल्शियमची एक, लोहाची, सोड्याची, आणखी एक कसलीशी. सहा. ती एकेक गोळी उचलून कॅमेऱ्याला दाखवायची आणि मध्ये एकेक गोष्ट सांगायची. भाडोत्र्याच्या बायकोनं नळ उघडा ठेवला. मासळीबाजारात जिताडा बघितला, काय भाव सांगितला मेल्यानं! तो हसायचा. शेवटी म्हणायचा, "थांब, मी पन पानी पितो," आणि वाकून दोन क्षण दिसेनासा व्हायचा. वेणूला वाटायचं, खोलीचा पसारा आईला दिसू नये म्हणून फोन वळवतो. दोन मिनिटांच्या फोनची आता बारा-तेरा मिनिटं व्हायची.

मग गेल्या वर्षी सातवी गोळी आली.

वेणूला थंडी वाजायला लागली होती. मे महिन्यात लोक घामानं निथळतात आणि ही बाई स्वेटर घालून बसलेली. तोंड सुजलेलं, आवाज घोगरा, भाजी निवडता निवडता झोप. तिला वाटलं, किडनीचंच असणार, दुसरं काय. आमच्या घराण्याला एकच दुखणं ठाऊक. पण मॅडमनी रक्त तपासलं आणि म्हणाल्या, "थायरॉईड मंद झालंय. किडनीच्या पेशंटमध्ये हे बऱ्याचदा होतं, आणि सगळे किडनीच्याच नावानं खपवतात. ही छोटी गोळी. उठल्या उठल्या, उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळीपासून चार तास लांब. नाहीतर अंगाला लागणार नाही."

वेणूला नीट समजलं. इथंच तर गंमत आहे. अडाणी म्हणून चुकली असती तर कुणी काही बोललं नसतं. ती पहाटे साडेचारला उठणारी बाई, चार तासांचं गणित आपोआप जमत होतं. पहिले पंधरा दिवस तिनं घेतलीही. स्वयंपाकघराचा दिवा लावायचा, ओट्याशी उभं राहायचं, गोळी तोंडात टाकायची. बघायला कुणी नाही, सांगायला कुणी नाही. गिळल्यावर घर इतकं गप्प व्हायचं की तिला रडू यायचं. एका पहाटे तिनं गोळी पाकिटातून काढली, हातात धरली आणि बशीत ठेवून दिली.

साडेआठला निकेश म्हणाला, "आज सात कशा?"

"वाढली एक," वेणू म्हणाली. आणि सातव्या गोळीवर तिनं त्याला अख्खी एक गोष्ट सांगितली. दोन मिनिटं वाढली. पोटात गेल्यावर सगळ्या एकच, असं तिनं मनाला समजावलं. मन काय, त्याला समजून घ्यायचंच होतं.

थायरॉईडचा आकडा उतरायचा सोडून चढत गेला. चौदाचा बावीस झाला. मॅडमनी गोळीची ताकद वाढवली, मग पुन्हा वाढवली. "गोळी घेता ना नक्की?" त्यांनी विचारलं तेव्हा वेणूनं तोऱ्यात तिथूनच निकेशला फोन लावून दिला. साक्षीदारच की! तो म्हणाला, "मॅडम, मी रोज डोल्यांनी बघतो. सातच्या सात." मॅडमना ते मानावं लागलं. कधी घेता, हे त्यांनी विचारलं तेव्हा वेणू म्हणाली, "पहाटे." ते मात्र खोटं होतं.

मग एकदा आकडा अडतीस झाला आणि किडनीचाही बिघडला. मॅडमनी रिपोर्ट बाजूला ठेवला. "वेणूताई, थायरॉईड इतकं मंद असलं की किडनीचा आकडाही आहे त्याहून वाईट येतो. त्यामुळे किडनी खरंच किती गेलीय ते मला कळेना. सहा आठवडे थांबते. तोवर फरक पडला नाही तर हाताची नस जोडून ठेवू. पुढं डायलिसिसला लागेल."

हाताची नस म्हटल्यावर बापाचा डावा हात तिला आठवला. मनगटाच्या वर फुगलेली शीर, आणि तिच्यावर बोट ठेवलं की आत भुंगा कोंडल्यासारखी थरथर. काशिराम तो हात कायम टॉवेलखाली झाकून ठेवायचा. लहान पोरं भ्यायची म्हणून. तीन वर्षं त्यानं तो हात झाकला आणि मग गेला.

बाहेर बाकावर ती बराच वेळ बसून राहिली. तिच्यासाठी कुणी थांबलेलं नव्हतं, घाई कसली? स्वतःच्या हातानं आपण काय करून बसलो हे तिला लख्ख कळत होतं. मरायचं भय होतंच, पण त्याहून जास्त लाज वाटत होती. पन्नाशी उलटलेली बाई, आणि पोराची दोन मिनिटं जास्त मिळावीत म्हणून औषध वाया घालवते! कुणाला सांगायचं हे?

दुसऱ्या दिवशी बशीत सहाच गोळ्या होत्या.

"आये, एक कमी हाय."

"ती पहाटेच घेतली," वेणू म्हणाली. मग एका दमात सगळं सांगून टाकलं. पहाट, ओटा, गोळी, चार तास, मॅडमशी बोललेलं खोटं, हाताची नस. "मना एकटीला गिलवत नव्हती रे. तू बघतोस म्हनून तुझ्यासाठी ठेवायची."

निकेश भडकला. "येडी हायस काय तू? एक वरीस? मी तिकडं मॅडमला छातीठोक सांगतो, घेते म्हनून, आनि तू…" तो वाकला, नेहमीसारखा दिसेनासा झाला. पण या वेळी परत लवकर वर आला नाही. वेणूला नुसती भिंत दिसत होती आणि तिच्यावर एक कॅलेंडर.

"निकेश? बाला, रागावलास?"

तो वर आला तेव्हा त्याच्या तळहातावर एक गोळी होती. पांढरी. वेणूनं ती पटकन ओळखली. रक्तदाबाची. तिची स्वतःची पहिली गोळी तीच होती.

"कदीपास्नं?" तिनं विचारलं.

"दोन वर्सं. कंपनीच्या मेडिकलला निघालं. सोनोग्राफीत दोनी बाजूला गाठी हायेत." तो कॅमेऱ्याकडे बघत नव्हता. "तू सोताला दोष देशील म्हनून नाय बोललो. मना पन एकट्याला जात नाय गो आये. म्हनून तर तुझ्या टायमाला फोन करतो."

दोन वर्षं ती समजत होती की पोरगा आपल्यावर लक्ष ठेवतोय. त्याच्या वाकण्याला ती पसारा समजली, पाणी समजली, लग्न टाळतो त्याला हट्ट समजली. आई ना तू, मग तुला कसं कळलं नाही? बापाकडून माझ्याकडे आलं आणि माझ्याकडून याच्याकडे. शेत दिलं, घर दिलं, आणि हेही दिलं.

शेवटी ती एवढंच म्हणाली, "थायरॉईड तपासलास?"

"नाय."

"तपास. थंडी वाजली, सुस्ती आली, तर किडनीवर ढकलू नकोस. माझ्यासारखं करू नकोस."

"बरं."

सहा आठवड्यांनी आकडा अडतीसवरून अकरावर आला. किडनीचाही थोडा सुधारला. मॅडम म्हणाल्या, नस जोडायची आत्ता घाई नाही, पुढच्या वर्षी बघू. "असं काय केलंत हो?" त्यांनी विचारलं. वेणूनं त्यांनाही खरं सांगितलं आणि बोलणी खाल्ली.

पहाटे साडेचारला ती अजून ओट्याशी एकटीच उभी राहते. गोळी अजून घशात क्षणभर अडते. गिळल्यावर घर तितकंच गप्प असतं.

साडेआठला ती फोन साखरेच्या डब्याला टेकवते. निकेश आता वाकत नाही, आपली गोळी समोरच ठेवतो, पाण्याच्या ग्लासाशेजारी. सहा तिच्या, एक त्याची. वेणू रोज मोजते आणि रोज सातच भरतात. तिच्या सहाच्या साठ झाल्या असत्या तरी तिनं हूं का चूं केलं नसतं. त्याची ती एक तेवढी तिथं नको होती.