पट्टा बदलला आणि मी बशीत राहिले

मी एक जुनी पिन आहे. टाचणी नव्हे, मित्रांनो. तसं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. हातातल्या घड्याळाला पट्टा धरून ठेवणारे चार कान असतात. त्यातल्या दोन कानांच्या मध्ये, पोटात स्प्रिंग असलेली जी आडवी काडी बसते, ती मी. दुसऱ्या बाजूच्या दोन कानांत माझी जुळी बहीण. घड्याळ सगळे पाहतात, पट्टाही पाहतात, आम्हाला मात्र कुणी पाहत नाही. आम्ही दिसलो म्हणजे काहीतरी बिनसलं आहे असं समजावं.

आमचं घड्याळ खोल पाण्यात उतरणाऱ्या माणसांसाठी बनवलेलं, भलतंच महागडं. म्हणून कारखान्यात आम्हा बहिणींनाही मुद्दाम जाड आणि दणकट घडवलं. आमची टोकं कानांच्या भोकांत अशी फिट्ट बसत की हलायचं नाव नाही. ते घड्याळ ज्यांनी घेतलं त्यांना घरात बाबा म्हणत. जहाजांचे तळ घासणं, बुडालेले नांगर वर काढणं हे त्यांचं काम. गढूळ पाणी, गारठलेलं पाणी, तेलाचा तवंग आलेलं पाणी, सगळीकडे आम्ही त्यांच्या मनगटावर होतो. काठावर आल्यावर लोक घड्याळाची काच वाखाणत, काटे वाखाणत. पिनांना कुणी शाबास म्हटल्याचं मला आठवत नाही.

बाबांच्या धाकट्या मुलीनेही हेच काम निवडलं. बंदराच्या धक्क्याखालचे खांब पाण्यात उतरून तपासायचे. बाबा निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी घड्याळ काढून धाकटीच्या हातात घातलं आणि "सांभाळ" एवढंच म्हणाले. बाबा मोजकं बोलणारे. त्यामुळे तो एक शब्द ती फार जपायची.

पण पोलादी पट्ट्याने तिच्या मनगटावर पुरळ उठू लागलं. मी मनात म्हटलं, आजकालची पोरं नाजूक. बाबांनी कधी चकार शब्द काढला नव्हता.

धाकटीचा नवरा चष्म्याच्या दुकानात चष्मे बनवतो. त्याने तिचं लाल झालेलं मनगट पाहिलं आणि न सांगता दुसऱ्याच कुठल्या कंपनीचा रबरी पट्टा घेऊन आला. त्याचं मन चांगलं होतं, नाही म्हणत नाही. पण सगळ्यात मोठे घोळ चांगल्या मनाच्या माणसांनीच घातलेले मी पाहिले आहेत.

"घड्याळाच्या दुकानात देऊया ना," धाकटी म्हणाली.

"कशाला? मी दिवसभर चष्म्याचे एवढेसे स्क्रू बसवतो. ही तर चांगली जाडजूड पिन आहे."

झालं. जेवणाच्या टेबलावर फडकं अंथरलं गेलं. पोलादी पट्टा काढताना त्याने घड्याळाच्या कानावर एक ओरखडा उठवला आणि तो दिसू नये म्हणून त्यावर थुंकी लावून घासत बसला. माझी बहीण उडून सोफ्याखाली गेली. तिला शोधताना त्याचं डोकं टेबलाला आपटलं. मग खरं घोडं अडलं. रबरी पट्ट्याचं भोक अरुंद आणि मी जाड. त्याने साबण लावला, तेल लावलं, दात-ओठ खाऊन मला आत रेटलं. मी निम्म्यात अडकले. मला ओढून काढताना तो मलाच शिव्या घालत होता. मला कपाळ असतं तर मी बडवून घेतलं असतं.

अहो, भोक थोडं मोठं करा! पण आमचं ऐकतो कोण? नव्या पट्ट्याच्या पाकिटात दोन बारीक पिना होत्या. त्या पट्ट्यात सुळकन गेल्या आणि कानांच्या भोकांत टकटक बसल्या. बसल्या कसल्या, मापापेक्षा मोठ्या चपलेत पाय घालावा तशा नुसत्या टेकल्या. आम्हा दोघींना त्याने सुट्ट्या किल्ल्यांच्या बशीत टाकलं.

धाकटीने घड्याळ हातात घातलं आणि सवयीने पट्टा ओढायला बोटं घातली. पाण्याखाली काम करणाऱ्यांचा नियमच आहे तो. आपण बांधलेलं दुसऱ्याने ओढून बघायचं, आणि दुसऱ्याने बांधलेलं आपण.

"ओढू नकोस गं," चष्मेवाला कळवळून म्हणाला, "परत निघेल."

निघेल हे त्यानेच सांगितलं, मित्रांनो! आणि दोघंही हसले. ती म्हणाली, "छान हलकं वाटतंय," आणि कामावर गेली. मी बशीत पडल्या पडल्या तडफडत होते.

संध्याकाळी ती परत आली ती मोकळ्या मनगटाने. बराच वेळ बूटसुद्धा न काढता खुर्चीत बसून राहिली.

"दोरात हात अडकला होता," ती म्हणाली. "सोडवला, तर घड्याळ नाही. खाली सगळा चिखल आहे. दोनदा उतरले परत."

"तुझ्याबरोबर पाण्यात उतरणाऱ्या जोडीदाराने ओढून नाही बघितलं?"

"तो ओढून बघत होता. मीच हात मागे घेतला. म्हटलं, नवऱ्याने बसवलंय."

पुढच्या सुट्टीला ती पुन्हा बुडी मारून आली, रिकाम्या हाताने. आता एकच प्रश्न होता, बाबांना कसं सांगायचं. दोघंही आज-उद्या करत राहिले.

शेवटी बाबाच घरी आले. चपला काढून किल्ली बशीत ठेवायला गेले आणि थबकले. आम्हाला त्यांनी लगेच ओळखलं.

"या इथे कशा?"

चष्मेवाला पुढे झाला. "मी काढल्या, बाबा. नव्या पट्ट्यात जात नव्हत्या. घड्याळ धक्क्याखाली पडलं. चूक माझी आहे."

मी कान टवकारले. बाबांनी आता त्याला चांगलं झापावं अशी माझी मनापासून इच्छा होती.

बाबांनी मला चिमटीत धरून दाबून पाहिलं. "जुना पट्टा चांगला होता की. बदललात कशाला?"

"तिच्या मनगटाला पुरळ यायचं. झोपेतही खाजवायची."

बाबांनी डाव्या हाताची बाही वर सारली. मनगटाभोवती काळपट, जाड झालेल्या त्वचेचं कडं उमटलं होतं.

"मलाही यायचं," ते म्हणाले. "कुणाच्या लक्षात आलं नाही. तुमच्या आलं."

धाकटी रडू लागली. चष्मेवाल्याने सासऱ्यांचा हात हातात घेतला, दिव्याखाली धरला आणि नीट पाहिला. घड्याळाचा विषय त्यानंतर कुणी काढला नाही.

मित्रांनो, मला अजून राग आहे. एवढं सुंदर घड्याळ चिखलात आणि मी धडधाकट असून बशीत! आमच्यासारख्या न दिसणाऱ्या वस्तूंना जिथल्या तिथे राहू द्या. आपल्या माणसाने बांधलेलंही खुशाल ओढून बघा, त्यात त्याचा अपमान नाही. पण आपल्या माणसाचं मनगटही अधूनमधून बघत जा. मी त्या मनगटापासून केसभर अंतरावर उभा जन्म काढला, आणि मला ते दिसलं नाही.