मालकांच्या डोळ्यावरचा चार

गिऱ्हाईक ओळखायचा एक ठोकताळा खंडेरावांनी आपल्या मुलाला शिकवला होता. वापरायला घेणारा माणूस वस्तूकडे बघतो, मिरवायला घेणारा रस्त्याकडे बघतो. घोटीच्या तांदूळबाजारात उभा जन्म काढलेल्या माणसाचं ते बोलणं, त्यात भेसळ नव्हती. सोमनाथनं हा ठोकताळा आल्यागेल्याला लावला, भाडेकरूंना लावला, एकदा तर साडूलाही लावला. स्वतःला लावायचा तेवढा राहून गेला.

त्या दिवशी तो नाशिकरोडच्या 'खंडेराव संकुला'त पहिल्या मजल्यावरच्या आपल्या ऑफिसात बसला होता आणि रस्त्याकडे बघत होता. समोर नव्यानं उभ्या राहिलेल्या इमारतीच्या दारात काचेचं पॅनेल लागलं होतं. येणाऱ्याला ते 'सुस्वागतम्' म्हणायचं. माणसं उगाच त्याच्यासमोर थांबायची, भांग नीट करायची.

टेबलावर नौशादनं दोन खोकी उघडून ठेवली होती. नौशाद अलार्म, कॅमेरे, दारांची कुलपं असलं सगळं बसवून द्यायचा. संकुलात एक फायनान्स कंपनी भाड्यानं येणार होती आणि इमारतीला अलार्म असल्याशिवाय सही करणार नाही म्हणत होती. सकाळी पहिल्यांदा येईल त्यानं दारात चार आकडी नंबर टाकायचा, मग अलार्म बंद होणार आणि शटर उघडणार; वेळेत जमलं नाही असं तीनदा झालं की भोंगा. प्रश्न एवढाच होता की आकडे दाबायचे कशावर.

"हा बटणांचा," नौशाद म्हणाला. "रबरी बटणं, दाबलं की टक् वाजतं. ओला हात चालतो, पिठाचा चालतो, म्हातारा चालतो."

"दिसतो कसा पण! जुन्या टेलिफोनचा चुलतभाऊ."

"आणि हा टच, काचेचा. सोमनाथशेठ, माझा फायदा काचेतच आहे, म्हणून बटणाचं सांगतो ते कान देऊन ऐका. रोज उघडणार कोण?"

"चतुराबाई. दुसरं कोण?"

"मग बोलवा ना त्यांना. ज्याचं बोट, त्यालाच विचारावं."

सोमनाथ हसला. "चतुराबाईला काय विचारायचं? आपण भिंतीला पोळपाट लावला तरी ती 'बरं' म्हणेल आणि त्याच्यावर हळदीकुंकू वाहील."

हे खरंच होतं, म्हणून तर पुढं जास्त लागलं.

चतुराबाई म्हणजे संकुलाची झाडलोट करणारी बाई, असं फायनान्स कंपनीच्या कागदावर लिहिता आलं असतं. पण संकुलातल्या दुकानदारांच्या हिशेबी ती वेगळ्या पानावर होती. घोटीला खंडेरावांच्या गोदामात ती तांदूळ पाखडायची. संकुलाच्या उद्घाटनाला, दसऱ्याला, मुहूर्त टळायला आला तरी नवं कुलूप उघडेना. गुरुजी घड्याळ बघतायत, पाहुणे खंडेरावांकडे बघतायत. कोपऱ्यात केरसुणी घेऊन उभ्या असलेल्या चतुराबाईला खंडेराव म्हणाले, "तू बघ गं." तिनं किल्ली कपाळाला लावली, फिरवली, आणि कुलूप लोण्यासारखं उघडलं. त्या वर्षी एकही गाळा रिकामा राहिला नाही. तेव्हापासून रोजचं शटर तिच्याच हातानं उघडायचं असा रिवाज पडला. बाईच्या हाताला गुण आहे, असं सगळे म्हणत. तळमजल्यावरचे साडीवाले भिकाशेठ तर ती तापानं पडली तेव्हा रिक्षा घेऊन एकलहऱ्याच्या रस्त्यावरच्या तिच्या चाळीत गेले होते, आणि फक्त किल्ली फिरवण्यापुरतं तिला आणून परत पोचवून आले होते. औषध मात्र तिचं तिनं घेतलं.

"शेठ," नौशादनं काचेचं पॅनेल चालू केलं. आता विकणाऱ्याची जीभ ती, थोडी सैल सुटलीच. "यात मागं फोटोसुद्धा टाकता येतो."

"कुणाचाही?"

"कुणाचाही."

सोमनाथनं रस्त्यावरची नजर पहिल्यांदा टेबलावर आणली. सौदा तिथंच झाला.

खंडेरावांचा फेट्यातला फोटो सोमनाथनं मोबाइलवरून पाठवला आणि नौशादनं तो काचेवर पसरला. वारलेले वडील काचेत असे झळकले की सोमनाथला गहिवरून आलं. फेट्यावर एक, दोन, तीन. डोळ्यांच्या आणि नाकाच्या रांगेत चार, पाच, सहा. मिशांच्या खाली सात, आठ, नऊ. नंबर म्हणून त्यानं वडिलांचं जन्मसाल ठेवलं, एकोणीसशे एक्केचाळीस. काचेसमोर मोबाइल धरून त्यानं व्हिडिओ काढला, तो घोटीच्या भावकीला गेला, मनमाडच्या मामांना गेला. मामांनी लिहिलं, 'पुत्र व्हावा ऐसा.' त्या एका ओळीवर सोमनाथ आठवडाभर चालला.

दसऱ्याला पॅनेलची पूजा झाली. झेंडूची माळ घातली ती आकड्यांवर येत होती म्हणून वर सरकवली. सगळे दुकानदार दारात जमले. फायनान्स कंपनीचा साहेबही आला होता.

"या चतुराबाई, तुमच्याच हातानं," सोमनाथ मोठ्यानं म्हणाला आणि तिच्या कानाशी नंबर सांगितला.

चतुराबाई हिरवं लुगडं नेसून आली होती. तिनं हात जोडले. पदराला बोट पुसलं. एक दाबला, तो फेट्याच्या कडेला होता. नऊ दाबला, तो खांद्यावर होता. चारपाशी तिचं बोट थांबलं. चार खंडेरावांच्या उजव्या डोळ्यावर होता. आणि खंडेराव तिच्याकडे बघत होते, जसे गोदामात खाटेवर बसून बघायचे.

पॅनेल थोडा वेळ थांबलं आणि 'पीं' करून पुसलं गेलं.

"दाबा की!" भिकाशेठ ओरडले. "मालक चावत नाहीत!"

दुसऱ्यांदा तिनं डोळ्यावर इतकं हळू बोट नेलं की काचेला कळलंच नाही. तिसऱ्यांदा बोट घसरून नाकावरच्या पाचावर गेलं, आणि भोंगा वाजला. असा वाजला की समोरच्या इमारतीतली माणसं बाहेर आली.

"चतुराबाई, मालकांना उठवलंत की हो!" भिकाशेठ म्हणाले. सगळे हसले. चतुराबाईही तोंडाला पदर लावून हसली. नौशाद तेवढा हसला नाही, तो जोडणी बघायच्या निमित्तानं खाली वाकला.

मग सोमनाथ पुढं झाला. टक, टक, टक, टक. वडिलांच्या डोळ्यात त्यानं सगळ्यांसमोर बोट घातलं आणि त्याच्या लक्षातही आलं नाही. शटर वर गेलं. टाळ्या झाल्या. चतुराबाई मात्र त्याच्या बोटाकडे बघत होती.

दुपारी ती ऑफिसात आली. दारातच उभी राहिली.

"सोमनाथभाऊ, येक इचारू का? आकडे हिकडं आन् मालक तिकडं, असं नाय का करता येनार?"

"का? दिसत नाही का तुम्हाला?"

"दिसत्यात. दिसत्यात म्हनून तर." ती म्हणाली. "मालकांच्या तोंडावर बोट ठिवायचं म्हंजी लय जड जातंय वो. डोळ्यात जातंय."

"अहो, काच आहे ती."

"व्हय, काच हाय," ती म्हणाली. "म्या कुठं नाय म्हनते?"

"होईल सवय."

सवय झाली ती भोंग्याला. दुसऱ्या दिवशी वाजला, त्याच्या पुढच्याही दिवशी वाजला. चतुराबाई चपला काढून पॅनेलसमोर उभी राहायची, आधी नमस्कार करायची, तेवढ्यात वेळ संपायची. एकदा तिनं डोळे मिटून दाबून बघितलं. त्याचा निकाल सगळ्या रस्त्यानं ऐकला.

सोमनाथनं नौशादला फोन केला. नौशाद म्हणाला, "फोटो काढून टाकतो, शेठ. चहा निवायच्या आत होईल."

"दिवाळी तोंडावर आलीय. आत्ता वडिलांचा फोटो उतरवू? समोरचे काय म्हणतील? मामा येणार आहेत पॅनेल बघायला."

"मग बटणाचं लावू शेजारी."

"म्हणजे चुकलं असं पाटीवर लिहूनच लाव ना."

"तुमची मर्जी, शेठ," नौशाद म्हणाला. त्या बोलण्यात काय होतं ते सोमनाथला कळलं, आणि कळलं म्हणून त्यानं फोन ठेवला.

आणि हातगुणाचं असं आहे, की तो जमेला धरायला जेवढा वेळ लागतो त्याच्या निम्म्याही वेळात खर्ची पडतो. त्या आठवड्यात बाजार जरा थंड होता, सगळ्या नाशिकरोडलाच थंड होता. पण भिकाशेठना कारण घरबसल्या सापडलं.

"सोमनाथशेठ, रोज सकाळी भोंगा म्हणजे अपशकुनच की हो. बाईच्या हाताचा गुण उतरला आता. मी म्हणत नाही, गिऱ्हाईक म्हणतंय."

"कुठलं गिऱ्हाईक?"

"येत नाही ते."

रिक्षा घेऊन तिला उठवून आणणारा तो हाच माणूस. सोमनाथच्या मनात आलं, म्हणावं, की भिकाशेठ, गुण होता तेव्हा तुमचा आणि उतरला तेव्हा तिचा, हा कुठला व्यवहार? पण भिकाशेठ सगळ्यात जुने भाडेकरू, आणि बोलायचं तर मुळाशी यायचं, आणि मुळाशी फोटो होता. फोटो उतरवायचा किंवा चतुराबाईला बाजूला करायचं, दोनच वाटा होत्या. सोमनाथनं मनाशी हिशेब मांडला, आणि स्वतःच मांडलेल्या हिशेबात माणसाला नेहमी आपलीच बाजू बरोबर येते. पगार तोच ठेवायचा, उघडायचं काम तेवढं एजन्सीच्या गार्डकडे द्यायचं. काम कमी, पगार तोच, म्हणजे बाईचा फायदाच की!

हे त्यानं तिला तसंच सांगितलं. फायदा समजावून सांगताना त्याचा आवाज उगाच मोठा झाला होता.

"बरं," चतुराबाई म्हणाली.

कमरेच्या पिशवीतून तिनं शटरची जुनी किल्ली काढली. आता त्या किल्लीनं काहीच उघडत नव्हतं, तरी ती तिच्याकडेच होती. किल्ली तिनं कपाळाला लावली आणि टेबलाच्या कडेवर ठेवली. त्या संध्याकाळी तिनं जिना पुसला, पायरीवरच्या कुंड्यांना पाणी घातलं. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. निरोप नाही, भांडण नाही. भांडली असती तर सोमनाथला उत्तर तयार होतं.

गार्ड रोज चार आकडे दाबायचा, एका हातानं तंबाखू मळत. भोंगा वाजला नाही. बाजार जसा व्हायचा तसाच झाला. चतुराबाईची दारातली रांगोळी बंद पडली, पण तिची जागा भिकाशेठच्या दुकानातल्या साडी नेसवलेल्या पुतळ्यानं घेतली. मामा दिवाळीत आले, पॅनेलसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "छान. आत पंखा आहे ना?"

डिसेंबरात नौशाद वार्षिक देखभालीच्या करारावर सही घ्यायला आला. जिना चढून आला आणि म्हणाला, "शेठ, शेवटी उतरवलात म्हणायचा फोटो. बरं केलंत."

"कुठला फोटो?"

दोघं खाली गेले. पॅनेलवर निळा पडदा होता, त्यावर पांढरे आकडे. बाकी काही नाही.

नौशादनं मागं जाऊन बघितलं. "मागं वीज वरखाली झाली होती बघा, भाऊबीजेच्या सुमाराला. त्यात हे कोऱ्यावर आलंय. नंबर राहिला, फोटो गेला." तो पुन्हा समोर आला. "इतके दिवस कोणी बोललं नाही?"

कोणी बोललं नव्हतं. गार्डला विचारलं तर तो म्हणाला, "फोटो होता का?" भिकाशेठ म्हणाले, "असेल की." सोमनाथ रोज त्या दारानं आत येत होता, रोज त्याच्यासमोरून जात होता. तो रस्त्याकडे बघत जात होता.

"दुसरा टाकू का, शेठ?" नौशादनं विचारलं.

"नको," सोमनाथ म्हणाला. त्याला वडिलांचा ठोकताळा आठवला, आणि वडिलांची नजर आठवायला गेला तर तिच्यावर चार दिसला.

त्याच दुपारी तो एकलहऱ्याच्या रस्त्याला लागला. वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर दिसायला लागला तसं गाडी वळवावी असं एकदोनदा वाटलं. चाळीतल्या बायकांनी घर दाखवलं. चतुराबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. दोन घरं पलीकडच्या मेसवाल्याचं काम घेतलं होतं, असं तिनं आपणहून सांगितलं.

"बसा, सोमनाथभाऊ. च्या टाकते."

चहा आला. सोमनाथनं कप हातात घेतला, खाली ठेवला.

"चतुराबाई, तुम्ही या परत. उघडायला. तो फोटो काढलाय आता."

निम्मं खोटं होतं. पण निम्मं खोटं बोलायला पूर्ण खोट्यापेक्षा जास्त घाम येतो.

चतुराबाईच्या तोंडावर एकदम उजेड आला. "काढला? लय बरं केलं." तिनं सूप बाजूला सारलं. "मंग ठिवला कुठं?"

"काय?"

"मालकांचा फोटू वो. काढला म्हंजी कुठंतरी ठिवला आसंल ना. हापिसात लावला का घरी?"

सोमनाथनं कप पुन्हा उचलला. या प्रश्नाची तयारी त्यानं केली नव्हती. संकुलात तो फोटो कुठंच नव्हता. चौकटीत नव्हता, कागदावरही नव्हता.

"आहे की," तो म्हणाला. "मोबाइलमध्ये आहे."

"बघू बरं."

तिनं दोन्ही हात पदराला पुसले, नीट, बोटन् बोट. आणि मोबाइल घ्यायला ओंजळ पुढं केली.

सोमनाथ शोधायला लागला. टाइल्सचे नमुने आले, सुप्रभात आले, फुलांवरचे सुविचार आले, गाळ्यांचे नकाशे आले, कुणाच्या तरी लग्नातली जेवणाची ताटं आली. पॅनेलच्या व्हिडिओत वडील सापडतील म्हणून त्यानं तो लावला, तर त्यात मोबाइल धरलेला तोच काचेत दिसत होता, वडिलांच्या फेट्यावर स्वतःचं तोंड. त्यानं घाईनं बंद केला. पुन्हा वर, पुन्हा खाली. त्याचं बोट काचेवरून फिरत राहिलं आणि चतुराबाई ओंजळ धरून थांबली होती.

बऱ्याच वेळानं तिनंच हात मागं घेतले आणि सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

"राहू द्या, भाऊ. च्या गार व्हतोय."

"उद्या येता ना मग?"

तिनं एक खडा वेचला, उंबऱ्याबाहेर टाकला.

"फोटू घावला म्हंजी सांगा," ती म्हणाली.