परीक्षक गुंगीत

गुंगी देण्याच्या परीक्षेत मी दोनदा आपटले होते. पहिल्यांदा पेशंट इतका गाढ झोपला की त्याला उठवायला तिघं लागली. दुसरा इतका जागा राहिला की डॉक्टरांच्या सात पिढ्या उद्धरून झाल्यावर त्याने माझ्या घेतल्या. आता शेवटची संधी. ही हुकली की जन्मभर वॉर्डात चादरी बदलायच्या.

परीक्षक आमच्या मोठ्या सिस्टर. त्यांचं स्वतःचंच आतडं दुर्बिणीने तपासायचं निघालं, तेव्हा म्हणाल्या, "एका दगडात दोन पक्षी. गुंगी तूच दे. मी परीक्षा आतून घेते."

मला वाटलं, थट्टा करतायत. पण सिस्टरांनी हयातीत कधी थट्टा केलेली नव्हती.

नियम सोपा: पेशंट पेंगला पाहिजे, पण हाक मारली की ओ दिली पाहिजे. मी औषध जरा जरा करत सोडलं. नजर ऑक्सिजनच्या आकड्यावर. मधूनमधून विचारायचं, "सिस्टर, ऐकू येतंय ना?"

"येतंय गं. सोन्याचे हात आहेत तुझे. पास तू."

तासाभराने सिस्टर उठून बसल्या. "सुरू कधी करतेस?"

"झालं, सिस्टर. तुम्ही मला पास केलंत."

"मला नाही आठवत."

"या औषधाने आठवतच नाही. तुम्हीच शिकवलंत."

"मग न आठवणाऱ्या परीक्षेचे गुण कसे देऊ? आणि आठवली असती, तर नापासच केलं असतं."

मी डॉक्टरांकडे पाहिलं. "मी स्क्रीन बघत होतो," ते म्हणाले.

मी रडकुंडीला आले. सिस्टरांना दया आली. औषधाचा अंमल अजून असावा. "बरं, मी जिवंत आहे, म्हणजे काम बरं झालं असणार. पण गुंगीनंतर दिवसभर कशावर सही करायची नाही. निकालाच्या यादीवर उद्या सकाळी करते. तोवर विसरले, तर तुझं तोंडी सांगणं मी धरणार नाही." पेन घेऊन त्यांनी स्वतःच्या तळहातावर माझं नाव लिहिलं, पुढे 'पास'. "माझं अक्षर असलं की मी मानते."

गुंगीतल्या पेशंटला एकटं घरी सोडायचं नाही, हाही त्यांचाच नियम. त्यांच्या सुनेने फोन उचलला नाही, म्हणून मीच त्यांना घेऊन निघाले. टॅक्सीत त्या डुलक्या घेत होत्या. मी त्यांची मूठ तान्ह्या बाळासारखी सांभाळत होते.

सुनेने दार उघडलं. "आई, आलात? फोन सायलेंटवर राहिला हो. या कोण?"

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "दवाखान्यातली आहे कुणीतरी."

आणि थेट बेसिनकडे गेल्या. बाहेरून आल्यावर आधी हात. साबण, तळवे, बोटांच्या बेचक्या, नखं. चाळीस सेकंद, एकही कमी नाही.

मी तोंड उघडलं. त्यांनी कोपर वर करून मला गप्प केलं. हात धुताना मध्ये बोलायचं नाही, हे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

नळ बंद करून त्यांनी दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले.

"बघून ठेव. याला म्हणतात स्वच्छ."